उरले पाच

निरगुडसरच्या हर्षालीला एखादी गोष्ट कळली नाही की जेवण गोड लागत नसे. मोबाईलवरचा निरोप वाटेत कुणालाच कसा वाचता येत नाही, या एका प्रश्नापायी तिने बी.एस्सी.ला गणित घेतलं. पुढे क्रिप्टोग्राफी, म्हणजे निरोप कुलूपबंद करायची विद्या, शिकायची हेही ठरलं. गाडं अडलं दुसऱ्या वर्षाच्या फॉर्मपाशी. ऐच्छिक विषय एकच मिळणार, संख्याशास्त्र, म्हणजे आकडेवारीचं गणित, नाहीतर नंबर थिअरी, म्हणजे पूर्णांकांचं. मुदत आज पाचपर्यंत, नंतर बदल नाही. क्रिप्टोग्राफीला कोणता लागतो, असं गावच्याच, पुण्यात शिकणाऱ्या ऋतिकला विचारलं, तर "सगळंच लागतं," म्हणून तो मोकळा झाला. वडिलांचा कौल संख्याशास्त्राला, त्यात नोकरी लागते म्हणून. नंबर थिअरीचं पुस्तक उघडावं, तर पहिल्याच पानावर भागाकार आणि बाकी. चौथीतलं गणित. तिला चक्क अपमान वाटला.

घरात रेंज नाही, म्हणून चारच्या सुमारास ती मोबाईल घेऊन विहिरीवर गेली. तिचे चुलते भिमाजी, म्हणजे तात्या, मोटर लावून बसले होते. सामाईक विहिरीचे सहा वाटेकरी, रोज एकाची पाळी, आणि सगळा ताळेबंद तात्यांच्या डोक्यात. तेवढ्यात दादाभाऊ या वाटेकऱ्याचा फोन आला.

"तात्या, आजपासनं एकेचाळिसाव्या दिवशी आमच्या अक्षदाचं लगीन हाय. माझी पाळी तर न्हाई ना त्या दिवशी?"

"तुझीच हाय," तात्या लगेच म्हणाले.

"कसं काढलंत?" हर्षालीने विचारलं.

"आज आपली पाळी. सहाचं पुरं झालेलं फेरं सोडून द्यायचं. छत्तीस गेलं, उरलं पाच. आपल्यापासनं पाचवा दादाभाऊ."

पुन्हा बाकीच. पण आता तिला राहवेना. "आणि नुसतं 'उरले पाच' सांगितलं, तर किती दिवस ते ओळखाल?"

तात्यांनी बोटांवर मोजून पाहिलं. "न्हाई बा. पाच आसतील, अकरा आसतील, एकेचाळीस बी आसतील. फेरं सोडलं ना आपुन."

हर्षालीने मनाशी उलट जाऊन पाहिलं. एकेचाळीसवरून पाचावर जायला सोपं, पाचावरून परतायला वाट नाही. कुलूप असंच तर हवं. मग ज्याचा निरोप त्याला तरी परत कसं येता येतं? वडिलांना काय सांगायचं याची धास्ती होतीच, तरी तिने नंबर थिअरीवर बोट ठेवलं आणि फॉर्म पाठवला.

"कोन्ता इषय घेतला?"

"तुमचा, फेरे सोडायचा."

तात्यांनी पाटाचं पाणी पुढच्या वाफ्यात वळवलं. "पाचावरनं माघारी यायची वाट आसती का गं?"

"तेच शिकायचंय."

"मंग घावली की आदी मला सांग. चाळीस वर्सं झाली फेरं सोडतोय. सोडलेलं कुटं जातं, कवा इचारलंच न्हाई."