साहेबराव खरातनं पाहिलेला देवमासा

आष्टीच्या साहेबराव खरातला नौदलात घेतलं तेव्हा त्यानं पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे शहागडची गोदावरी, तीही उन्हाळ्यातली. सरकारनं त्याला स्वयंपाकी केलं आणि पंधरा वर्षं किनाऱ्यावरच्या भटारखान्यात ठेवलं, हा सरकारचा समजूतदारपणाच. १९९९ साली मात्र कुणाच्या तरी लक्षात आलं, की हा माणूस फार सुखात आहे. त्याची बदली शिडाच्या जहाजावर झाली. कोचीहून मॉरिशस, चोवीस दिवस, वाऱ्याच्या मर्जीनं.

नाव साहेबराव, पण जहाजावर तो सोडून सगळेच साहेब होते.

शिडाचं जहाज सरळ उभं राहत नाही, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ते दिवसच्या दिवस एका कुशीवर कलून चालायचं. साहेबराव एक पाय भिंतीला लावून कणीक मळायचा, वरणाचं पातेलं चुलीला बांधून ठेवायचा आणि मधूनच डब्यात ओकून, हात धुऊन, पुन्हा पोळ्या लाटायला उभा राहायचा. जेवायला पासष्ट माणसं. उभं राहायची ज्यांची ताकद नव्हती, त्यांच्यातही "आज वरण पातळ झालं" म्हणायची ताकद उरलेली असायची.

उरलेला वेळ हीच माणसं निसर्ग बघायची. पुण्याच्या लेफ्टनंटसाहेबांनी त्यासाठी नोंदवही काढली होती: प्राणी, संख्या, वेळ, साक्षीदार. साहेबरावचं अक्षर सुंदर, हा त्याचा गुन्हा. रोज संध्याकाळी कच्च्या कागदांवरून पक्की नोंद त्याच्याकडे. त्यानं न पाहिलेले चाळीस डॉल्फिन त्यानं वळणदार अक्षरात लिहिले. दोन कासवं लिहिली. डोलकाठीवर बसून तीन दिवस फुकट प्रवास केलेला पांढरा पक्षी लिहिला; त्याची शीट मात्र प्रत्यक्ष बघायला मिळाली, कारण ती नेमकी भटारखान्याच्या झरोक्यावर पडली. डेकवर येऊन पडलेले उडते मासेही त्याला आवर्जून दाखवले गेले. तळायला.

सतराव्या दिवशी सकाळी तो बटाट्याच्या सालींची बादली घेऊन वर आला. कठड्याशी वाकला, तोच फुस्सकन आवाज झाला आणि सडक्या मासळीच्या वासाची वाफ तोंडावर आली. अगदी जवळ एक काळी पाठ वर आली, येतच राहिली, संपेचना. मग ते अंग जरा कलंडलं आणि एक डोळा दिसला. तो साहेबरावकडे बघत होता. जहाजावर आल्यापासून इतका वेळ त्याच्याकडे कुणी बघितलं नव्हतं. बादली हातातून निसटली.

"साहेब! जल्दी या, साहेब!"

लेफ्टनंटसाहेब दुर्बीण सावरत आले, तोवर पाणी सपाट.

"काय होतं?"

"देवमासा, साहेब. दोन एसट्या एकामागं एक उभ्या केल्या, बराबर तेवढा."

"साक्षीदार?"

"मीच होतो की."

"तू पाहणारा. साक्षीदार वेगळा लागतो."

"त्यानं मला बघितलं, साहेब."

साहेबांनी समुद्र न्याहाळला. "आणि बादली कुठंय?"

देवमाशाची नोंद झाली नाही. बादलीची चौकशी मात्र अर्धा तास चालली, आणि तिला साक्षीदारही भरपूर मिळाले.

संध्याकाळी वही उघडल्यावर साहेबरावनं डॉल्फिनच्या खाली लिहून टाकलं: 'देवमासा, एक. साक्षीदार साहेबराव खरात, स्वयंपाकी.' मग तीन दिवस, आता आपली चौकशी लागणार म्हणून, साहेब दिसले की तो पातेल्याआड वाकायचा. चौथ्या दिवशी साहेबांनी पानाखाली सही केली आणि वही परत दिली. ती कुणी वाचतच नव्हतं, हे त्याला तेव्हा कळलं.

सुट्टीत आष्टीला आल्यावर शाळेनं सत्कार ठेवला. अध्यक्ष अण्णासाहेबांनी कधी न पाहिलेल्या समुद्रावर चाळीस मिनिटं भाषण केलं. साहेबराव उठला, देवमाशापर्यंत पोचला, तेवढ्यात मागून आवाज आला, "मंग खाल्ला का न्हाई?" हशा पिकला आणि आभारप्रदर्शन सुरू झालं.

घरी आईनं, मालनबाईनं, पोरगा एवढा शिकून आला म्हणून त्यालाच पोळ्यांना बसवलं. बायको सत्यशीला शेजारी भाजत होती.

"भेव न्हाई वाटलं तुमाला?" तिनं विचारलं.

"वाटलं ना. पण त्यो नुसता बघून राह्यला होता. काम सांगत न्हवता."

सत्यशीला हसली नाही. तिनं त्याच्या हातातलं लाटणं काढून घेतलं.

"सरका. मी लाटते. तुमी सांगा, पयल्यापासून."