डॉगरिजवरची थॉम्पसन

माझे आईवडील तासगाव भागात दुसऱ्यांच्या बागांत द्राक्षाची कलमं बांधायचे. हंगामात बागेतल्याच पत्र्याच्या खोलीत राहायचं, काम संपलं की भांडी उचलून पुढची बाग. शाळा सारखी बदलायची. तरी मी बीएस्सी अ‍ॅग्री झाले. आमच्या घरातली पहिली पदवी. हे मी कोणी न विचारताही सांगते.

आता मी दुबईत इंटरनॅशनल सिटीत राहते आणि शारजाच्या पुढे, धैदजवळच्या शेतावर काम करते. तिथे आधी लावलेली थॉम्पसन द्राक्षं खारट पाण्यानं करपली होती. मी म्हटलं, डॉगरिजवर कलम करू. डॉगरिज ही मूळची अमेरिकेतल्या टेक्सासची रानवेल. तिच्या फळांना कोणी विचारत नाही, पण मुळं खारट पाणी सोसतात. आमच्याकडच्या कितीतरी बागा तिच्याच खुंटावर उभ्या आहेत.

मालक म्हणाले, "या हिवाळ्यात कलमं धरली तर ठीक. नाहीतर द्राक्ष खलास."

खुंट तयार झाल्यावर मी स्वतः कलमं बांधली आणि सुट्टीवर गेले. परत आले तर बाग हिरवीगार! शेत सांभाळणारे बिहारचे चाचा फाटकातच उभे. "मॅडम, देखिए, जंगल बना दिया!"

जंगलच होतं. कलमाच्या खालून डॉगरिजचे फुटवे मांडवाला टेकले होते आणि वरच्या थॉम्पसनच्या वाट्याला काही उरत नव्हतं. गावाकडे असे फुटवे दिसले की लगेच खुडतात. चाचा त्यांना जास्तीचं पाणी पाजत होते.

मी कात्री काढली. चाचा आडवे आले. "रेत में हरा काटेंगी? पाप लगेगा!"

"चाचा, ये मेहमान का खाना खा रहा है."

"मेहमान है कहाँ?"

मी वाकून कलमाच्या पट्टीवरचा इवलासा कोंब दाखवला. चाचांनी चष्मा चढवला. "ये? इसके लिए?" मग पाठ फिरवली. "काटिए. मैं उधर देखता हूँ."

संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर आई ओरडली, "अगं, बोडकी केलीस की बाग!"

"कोंब बघ ना, आई."

"बघितला. बांधलंयस मात्र झकास."

फुटवे गेले तसे कोंब सरसर वर निघाले. हिवाळा सरला तेव्हा बहुतेक कलमं जगली होती. पुढच्या हंगामात त्या वाळूत, त्याच खारट पाण्यावर, मी बांधलेल्या वेलींना थॉम्पसनचे घड लागले.