डावा हात नथीला

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. आता तुम्ही म्हणाल, तू? तुझ्या पोटात काही राहतं? बरोबर आहे! आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये माझ्याबरोबर चढलेला माणूस आपल्या मजल्यावर हसत उतरतो, अशी माझी ख्याती. धंदाच तो — निवेदक. लावणीचे कार्यक्रम, हळदी, गणपती. नवी मुंबईत मांडव लागला की माझा चमचमता जोधपुरी कोट तिथे पोचलाच म्हणून समजा.

तरी ही एक राहिली. म्हणजे — सांगितली तशी शेकडो वेळा. माईकवर, टाळ्या घेत. पण जी सांगितली ती ही नव्हे.

आधी वंदना कोण ते सांगतो. आमच्या लावणी पार्टीची मुख्य नर्तकी. शिरवण्याला राहायची, मला भाऊ म्हणायची, आणि स्टेजवर आली की — काय सांगू तुम्हाला! — समोरचे लोक हातातला घास तोंडात घालायचे विसरायचे.

नाचणाऱ्या बाईचे पाय कधी जवळून पाहिलेत? तुम्हाला घुंगरांचे चाळ दिसतात. मला त्याखालचं क्रेप बँडेज दिसतं. मांडवातलं स्टेज म्हणजे लोखंडी घोड्यांवर टाकलेल्या प्लायच्या फळ्या, वर लाल कारपेट. कुठली फळी दबते ते कारपेट सांगत नाही, पाय सांगतो. मग चहाबरोबर गोळी, घोट्यावर स्प्रे, त्यावर चाळ आणि चेहऱ्यावर हसू. दुखतंय म्हणायचं नाही, कारण पाय अधू झालेल्या बाईला पुढची तारीख कोण देणार?

म्हणून आमच्यात एक खूण होती. वंदनानंच बसवलेली. नथीला उजवा हात लागला तर ती अदा. डावा लागला तर — पाय गेला, आवर. तो दिसला की मी आवाज देऊन ढोलकीची लय उतरवायची आणि माईक घेऊन मध्ये घुसायचं. काहीतरी बरळायचं. नवरदेवाच्या मामाची टोपी उडवायची. लोक हसेपर्यंत ती ठुमकत आत. कुणाला पत्ता लागत नसे! किती मामा उडवले मी असे. मला अभिमान होता हो त्या कामाचा.

आणि मग करावे गावातली ती हळद.

अहाहा, काय संध्याकाळ होती! खाडीचा वारा, हळदीनं पिवळे झालेले सगळे, मागे मटणाच्या टोपांचा वास, आणि मी — मी त्या दिवशी असा पेटलो होतो की काय सांगू. तोंड उघडलं की हशा. नवरदेवाचा बाप डोळे पुसत होता हसून. वंदनाची लावणी संपत आली आणि अख्खा मांडव उठून उभा राहिला. एक आजोबा खुर्चीवर चढून ओरडले, "निवेदक, आजून येकदा होऊ दे रं! लावनी लय भारी हाय!" मागून पोरं माझ्या नावानं ओरडायला लागली. तिच्या नव्हे — माझ्या!

शेवटच्या गिरकीला तिचा पाय फळीच्या सांध्यात वाकला. तिचं हसू हललंसुद्धा नाही. फक्त हात वर गेला, नथीकडे.

कुठला हात?

इथे मी नेहमी एक वाक्य म्हणत आलो: "हॅलोजन डोळ्यांवर होता, काही दिसलंच नाही." हॉस्पिटलात म्हणालो, ढोलकीवाल्या यशवंतला म्हणालो, तिच्या आईला म्हणालो. यशवंत मान खाली घालून वाजवतो, तो माझ्या आवाजावर चालतो. त्यामुळे माझं म्हणणं खोडायला कुणी नव्हतं.

डावा. डावा हात होता. नथीला लागला, तिथेच थांबला, आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. मला दिसलं. पण आत्ता मामाच्या टोपीवर उतरायचं? माझ्या नावाचा गजर चालू असताना? मी माईक उचलला आणि सगळा जीव लावून ओरडलो — वन्स मोअर!

ती नाचली. पहिल्यापेक्षा भारी नाचली, देवाशपथ. आणि स्टेजच्या मागे जाऊन कोसळली. टाचेच्या वरची जाड शीर. डॉक्टर म्हणाले, आधी अर्धी फाटली असणार. लगेच थांबल्या असत्या तर प्लास्टरवर भागलं असतं. त्यानंतर नाचल्या म्हणून पुरती तुटली. ऑपरेशन झालं. चालायला लागली — जरा ओढत. चाळ मात्र पुन्हा बांधले नाहीत.

आणि मी काय केलं? त्याचा किस्सा केला! "मंडळी, पायाची शीर तुटली, पण बाईचा ताल तुटला नाही!" हमखास टाळी. वाईट वाटत नव्हतं का? सांगताना? नाही. सांगताना तर मजा यायची. हेच तर सांगतोय तुम्हाला.

गेल्या महिन्यात खारघरला एका सोसायटीचं स्नेहसंमेलन होतं. क्लबहाऊसमध्ये, भर दुपारी, काचेच्या भिंतींमधून नुसता लख्ख उजेड. वंदना तिथल्या मुलींना नाच शिकवते हे मला ठाऊक नव्हतं. मुलींचा नाच संपला आणि ती दिसली — साध्या सुती साडीत, भिंतीला टेकून. झालं! माझ्या अंगात आलं. तिला हाताला धरून वर आणलं, किस्सा रंगवला, टाळी घेतली. आणि टाळी पडली की माझं काय होतं ते आता तुम्हाला माहीत आहे. म्हणालो, "वंदनाताई, दोन पावलं तर होऊन जाऊ द्या!"

मुली चित्कारल्या. तिनं हसून लोकांकडे पाहिलं. मग तिचा डावा हात वर गेला आणि नाकाला लागला. नथ नव्हती. रिकाम्या नाकावर तिनं बोटं धरली आणि माझ्याकडे पाहिलं.

लोकांना वाटलं, काय अदा आहे! मी म्हणालो, "एकदा जोरदार टाळ्या!"

तिनं दोन पावलं टाकली. दुसऱ्या पावलाला माझा खांदा धरला, घट्ट, आणि माईकला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "आजही हॅलोजन डोळ्यांवर होता का, भाऊ?"

मी हसलो. सवयीनं.

करावेला हॅलोजन माझ्या पाठीमागे होता. सगळा उजेड तिच्या तोंडावर होता, आणि तो कुठून येतोय हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.