काशीरामचं गाऱ्हाणं

आमच्या ख्रिस्ती मंडळीत काशीरामइतका मोठा आवाज कुणाचा नव्हता, आणि त्याच्याइतकं कमी बोलणारंही कुणी नव्हतं. मिशनच्या दवाखान्याची बाग तो सांभाळायचा. बाग म्हणजे मूळचा जांभ्याचा कातळ. त्यावर टोपली-टोपली माती वाहून त्यानं अनंत, जास्वंद आणि पाळकसाहेबांच्या हौसेखातर एक गुलाब लावला होता. मांडवीच्या किनाऱ्याकडून येणारा खारा वारा त्या गुलाबाला सोसायचा नाही. सुकलेल्या फांद्या छाटताना काशीराम म्हणे, "घाटावरची पोर दिलीय समिंदराकाठी. रडनारच." दिवसभरात त्याचं एवढंच बोलणं व्हायचं.

तो संगमेश्वराच्या वरच्या अंगाच्या एका गावचा. एकोणपन्नास साली बायकोला, तुळसाला, डोलीत घालून दोन दिवस चालत रत्नागिरीला आणलं. पोटातलं मूल गेलं होतं, तीही जायच्या बेतात होती. दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी तिला वाचवली. काशीरामनं विचारलं, "बाय, काय देऊ?" बाई म्हणाल्या, "काही नको." हे उत्तर त्याला झेपलं नाही. 'काही नको' म्हणणारं माणूस त्यानं गावात पाहिलंच नव्हतं. तुळसा हिंडू-फिरू लागल्यावरही तो गावी परतला नाही. कुदळ घेऊन कातळ खणायला लागला, तो तिथंच राहिला.

बागेपासून आमच्या देवळापर्यंत, म्हणजे चर्चपर्यंत, चाळीस पावलं. ती चालायला त्याला दोन वर्षं लागली. आधी खिडकीखालच्या जास्वंदीला रविवारी उपासनेच्या वेळीच पाणी लागायचं. मग जास्वंद जरा पायरीकडे सरकली. मग एके दिवशी नवराबायको शेवटच्या बाकावर येऊन बसली. ही बातमी त्याच्या गावात पोचायला मात्र आठ दिवससुद्धा लागले नाहीत. त्या शिमग्याला गावदेवाची पालखी त्याच्या गावच्या घरावरून न थांबता पुढे गेली. भाऊ शिवा निरोप धाडून म्हणाला, "तुज्या तोंडचं गाऱ्हानं आता माज्या तोंडी आलंय. तू येव नको."

गाऱ्हाणं म्हणजे काय, ते कोकणाबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. गावच्या देवापुढे एकजण उभा राहून सगळ्यांच्या अडचणी सांगतो, मागणं मागतो, बदल्यात काय देणार ते कबूल करतो, आणि दर वाक्याला मागची माणसं "व्हय म्हाराजा" म्हणून होकार भरतात. हा मान काशीरामच्या घराचा होता. मंडळीत यायला त्यानं काय सोडलं, हे आम्हां पिढीजात ख्रिस्ती लोकांना कधी कळलं नाही. आम्हांला बाकं आयती मिळाली होती.

चोपन्न साली काशीराम आणि तुळसा बाप्तिस्म्याच्या वर्गाला बसली. वर्ग शांतवन मास्तरांचा. मास्तर मंडळीचे वडील, म्हणजे कारभारी, आणि तीस वर्षं शाळेत शिकवलेले. त्यांच्यापुढे पाळकसाहेबसुद्धा जपून व्याकरण वापरत. मास्तरांचा नियम असा होता, की ज्याला बाप्तिस्मा हवा त्यानं बुधवारच्या प्रार्थनासभेत उभं राहून स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करायची. तुळसानं ती दोन ओळींत उरकली. काशीराम चार बुधवार घाम पुसत बसून राहिला.

"जसं बोलता येतं तसं बोल," मास्तर म्हणाले. मास्तरांच्या आयुष्यातली ही एकच ढिलाई, आणि तीच अंगाशी आली.

नाताळानंतरचा बुधवार होता. काशीराम उभा राहिला, हात जोडले, डोळे मिटले, आणि पाच वर्षं आत कोंडलेला तो आवाज सुटला.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुजी लेकरं तुज्या पायाशी गोळा झाली हायत, म्हाराजा!"

मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं, "व्हय म्हाराजा."

"आमच्या दवाखान्याला, डाक्टरबायला, पाळकसायबाला राखून घे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता दोन-तीन बाकं.

"आनि आमची सोनूबाय, तिच्या गुडघ्यांत जी काय पीडा शिरली आसंल ती समिंदरापार कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हा होकार सगळ्यांत खणखणीत होता, आणि तो खुद्द सोनूबाईंचा होता. गुडघे त्यांचेच होते. पण सोनूबाई मास्तरांच्या पत्नी होत्या. तीन पिढ्यांच्या ख्रिस्ती घरातल्या त्या बाईच्या तोंडात हे शब्द कुठून आले, ते तिलाही सांगता आलं नसतं. मीही दोनदा म्हणालो होतो. कशाला लपवू?

काशीराम रंगात आला होता. "एवडं केलंस, तर पाच नारळ तुज्या पायरीवर फोडीन, म्हाराजा!"

तिथं सभा गप्प झाली. मास्तर उठून उभे राहिले आणि म्हणाले, "आमेन." प्रार्थना मिटवायला आमेन वापरलेलं मी त्याच दिवशी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या धोंडूनं मास्तरांना विचारलं, "काय मास्तर, पालखी कधी काढताय?" मास्तर घरी आले ते न जेवता झोपले. ज्यांच्या बापजाद्यांनी ख्रिस्ती झाल्याबद्दल विहिरीवरची भांडणं सोसली, त्यांना ही थट्टा चार शब्दांची वाटत नाही. मंडळीच्या कारभारी वडिलांच्या सभेत पाळकसाहेब म्हणाले, "आपण राजाधिराजा म्हणतोच की. महाराजानं काय बिघडलं?"

"महाराजाचं काही नाही," मास्तर म्हणाले. "अडचण नारळांची आहे. त्याला अजून वाटतं, देव काहीतरी घेऊनच देतो." ईस्टरला व्हायचा बाप्तिस्मा पुढच्या वर्षावर गेला. खरं सांगायचं, तर मास्तरांचं म्हणणं चूक नव्हतं. म्हणूनच कुणाला त्यांच्याशी भांडता येईना.

काशीराम रविवारी यायचा, पण गायचा नाही. घरीही प्रार्थना बंद. शिमग्याच्या सुमाराला तुळसाच्या पायांना सूज आली, श्वास पुरेना. डॉक्टरबाईंनी हृदय तपासलं आणि काशीरामला व्हरांड्यात नेऊन सांगितलं. औषधानं थोडे दिवस जातील, एवढंच. सोनूबाई दुखऱ्या गुडघ्यांनी रोज पेज घेऊन जायच्या. त्यांच्यादेखत तुळसा नवऱ्याला म्हणाली, "अवो, माज्यासाठी दोन शब्द बोला की त्येच्याशी."

"मला येत नाय."

"गावात आख्ख्या वाडीसाठी बोलत व्हता. मी काय वाडीपरीस लांबची?"

काशीराम उठून बागेत निघून गेला. सोनूबाई घरी आल्या आणि मास्तरांना म्हणाल्या, "ती बाई बाप्तिस्म्याविना जाईल, आणि तो माणूस मुका होईल. तुमचा नियम शाबूत राहील. पेज उद्या तुम्ही घेऊन जा."

मास्तर गेले. पेजेचा डबा हातात, उन्हात बागेच्या कडेला उभे राहिले. काशीराम आळ्यात पाणी घालत होता.

"काशीराम, तिच्यासाठी प्रार्थना का करत नाहीस?"

"तुमीच बंद केलीत ना?"

"प्रार्थना नव्हती बंद केली. नारळ बंद केले."

काशीरामनं घागर खाली ठेवली. "मास्तर, नारळ नाय, कोंबडा नाय, मग मागायचं कशाच्या जोरावर?"

तीस वर्षं मास्तरांनी प्रश्न विचारले होते. त्यांना विचारलेला हा पहिलाच. "जोर नाही," ते म्हणाले. "नुसतं मागायचं."

"फुकट?"

"फुकट."

"मास्तर," काशीराम म्हणाला, "फुकटचं मागायला लाज वाटते हो. डाक्टरबायनं तुळसा फुकट दिली, तर सहा वरसं माती वाहतोय. अजून फिटलं नाय."

मास्तरांनी डबा या हातातून त्या हातात घेतला. मग म्हणाले, "मलाही वाटते. म्हणून तर मी इतके नियम पाळतो."

दोघं तुळसाच्या खोलीत गेले. मास्तरांनी डबा कोनाड्यात ठेवला. काशीराम तुळसाच्या उशाशी उभा राहिला. "बा म्हाराजा," त्यानं सुरुवात केली, अगदी हळू. तिचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, आजार सांगितला. गावातल्यांना, भाऊ शिवाला, भावजयीला सांभाळ म्हणाला. जुन्या गाऱ्हाण्यात इथं वाईट चिंतणाऱ्यांचं वाटोळं मागायची रीत होती. मग कबुलीची जागा आली. तिथं तो थांबला. उघडे तळवे पुढे धरलेले, आणि त्यांत ठेवायला काही नाही. "...हिला राख," तो म्हणाला. "माज्याकडं द्यायला काय नाय." एवढ्यावर तो मटकन खाली बसला. तुळसानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. हे सोनूबाईंनी मला सांगितलं, आणि त्यांना मास्तरांनी. मास्तर सांगताना दोनदा चष्मा पुसायला थांबले.

पुढच्याच रविवारी, ईस्टरची वाट न बघता, तुळसाला खुर्चीवरून देवळात आणलं. खुर्चीची एक बाजू मास्तरांनी धरली होती. दोघांचा बाप्तिस्मा झाला. काशीराम त्या दिवशी पोरासारखा हसत होता. आम्हांला वाटलं, आता ती बरी होणार. मंडळी म्हटली की असं वाटतंच.

ती सतराव्या दिवशी गेली. शिवा आला नाही. खांदा मंडळीनं दिला.

त्यानंतरच्या रविवारी काशीराम येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. मागितलं होतं, मिळालं नव्हतं. माणूस रागावला असता तर आम्ही समजून घेतलं असतं, कदाचित आम्हांला ते सोपंच गेलं असतं. पण तो आला. पाळकसाहेब म्हणाले, "कुणाला काही मागायचं असेल तर उभं राहावं," आणि काशीराम उभा राहिला. मास्तरांनी मान खाली घातली.

"आज मागायचं काय नाय," काशीराम म्हणाला. "पन आलोय."

आणि तो तसाच उभा राहिला. ही प्रार्थना धरायची की नाही, कुणाला कळेना. निम्म्यांनी डोळे मिटले, निम्म्यांनी उघडे ठेवले, काहींनी एक मिटून एक उघडा ठेवला. पाळकसाहेबांना आमेन कुठं म्हणावं ते सापडेना, म्हणून त्यांनी ते म्हटलंच नाही. त्याला उभं राहायचं होतं तितका वेळ तो उभा राहिला, आणि आम्ही थांबलो.