दोघांचं वजन

घनसावंगीकडं गोदावरीच्या काठावर मासेमारीच्या होड्या मोजायला गेलो होतो. लांबी, रुंदी, खोली घ्यायची आणि होडी किती वजन पेलेल ते काढायचं, हे माझं काम. शेवटची होडी एका बाईची होती. पावसाळ्यात वादळात तिचा नवरा बुडाला. उलटलेली होडी तेवढी काठाला लागली.

टेपचं दुसरं टोक तिनंच धरलं. होडीत चढल्यावर तिनं पदरानं फळी पुसली, पण बसली नाही. माझा हिशोब होईपर्यंत नदीकडं पाठ करून उभी राहिली.

"किती पेलते, साहेब?"

"चार माणसं आणि जाळी, आरामात."

"बराबर मोजलं ना?"

"हो. का?"

"त्या दिवशी मी रोजच्यावानी होडीत बसल्ते. त्यांनी आभाळाकडं बघितलं अन् मला उतरवलं. दोघांचं वजन झेपायचं न्हाई, जाळं काढून जल्दी येतो म्हणले. मला खरंच वाटलं. मी रुसून घरी गेल्ते, साहेब. मागं वळून पण न्हाई बघितलं."

एवढं बोलून ती होडीतून उतरली आणि काठावरच्या चिखलात मटकन बसली. टेप गुंडाळायची सोडून मीही तिच्याजवळ बसलो.