कापसाचा बोळा

तोंड मिटून दाढी करणारा न्हावी सापडणं कठीण. मामा तसे होते, म्हणून तर दर सोमवारी राष्ट्राध्यक्षांकडून त्यांना बोलावणं यायचं. गल्लीला त्याचा कोण अभिमान!

गल्लीला काय माहीत, मामा काय लपवून आहेत ते. अलीकडे साहेबांच्या गालाला वस्तरा जरा लागला की रक्त थांबेचना. तुरटी हरली. मग दर खेपेला कापसाचा बोळा गच्च दाबून मामा खांबासारखे उभे राहायचे. साहेबांच्या पत्नीनं, बाईसाहेबांनी, एकदाच, अगदी हळू आवाजात सांगितलं होतं, "निवडणुकीआधी हे बाहेर फुटलं, तर तुमची धडगत नाही." तेव्हापासून मामांना घरी घास गोड लागेना.

आणि दुकानात रोज तोच विषय. साहेबांच्या जोडीला उपराष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार कोण, तर एका छोट्या शहराचा जेमतेम दोन वर्षं नगराध्यक्ष असलेला पोरगा!

"नळाला पाणी आणता आलं नाही, आणि देश सांभाळणार?" बाकावरचा बेकरीवाला म्हणाला.

"अहो, शोभेचं पद ते," खुर्चीतले मास्तर फेसातून बोलले. "फिती कापायला अनुभव कशाला? साहेब ठणठणीत आहेत. काय मामा?"

मामांनी वस्तरा पुन्हा मास्तरांच्या गालाला लावला. या भल्या माणसांना कोण सांगणार, की तो पोरगा उद्या खरंच साहेबांच्या खुर्चीत बसेल? बोललो तर मेलो. आणि गप्प बसलो तर ही सगळी हसतखेळत मत देऊन मोकळी होणार.

तेवढ्यात वस्तरा सरकला. मास्तरांच्या गालावर मोहरीएवढा लाल ठिपका उमटला.

तुरटी समोरच होती. मामांचा हात मात्र सरळ कापसाकडे गेला. बोळा गालावर टेकवून त्यांनी सगळा भार टाकला आणि डोळे घड्याळाला लावले.

मास्तर कळवळले. "अहो, तुरटी फिरवा नि सोडा. एवढ्याशा ओरखड्याला इतका वेळ कोणाला दाबून धरता तुम्ही?"

बेकरीवाला हसला. मग आरशातून त्याची नजर मामांच्या पांढऱ्याफटक चेहऱ्यावर पडली, आणि त्याचं हसू विरलं. मास्तरही आरशात बघू लागले.

"मामा," मास्तरांनी अगदी हळू विचारलं, "आज सोमवार ना? सकाळी तिकडून आलात ना तुम्ही?"

मामांना बोळा काढायचा होता. हात निघेना.