आईच्या पाठीवरचं ऊन

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले आणि नगरला एमआयडीसीत कामाला लागले. सौर दिवे बनवणारी छोटी कंपनी आहे, मी तपासणीच्या टेबलावर असते. त्यामुळे आईसाठी सोलरचं जाकीट मागवताना मी कुणाचा सल्ला घेतला नाही. मला त्यातलं कळत होतं.

आमचं गाव नेवासा तालुक्यात, प्रवरेच्या अलीकडे. चहूबाजूंनी ऊस, आणि उसात बिबट्या. तोड सुरू झाली की एकेक फड मोकळा होत जातो आणि जनावर उरलेल्या उसात सरकत जातं. पण शेळ्यांना ते सांगता येत नाही. त्यांना रोज चरायला न्यावंच लागतं. म्हणून आमच्याकडे गेल्या काही वर्षांत एक रीत पडली आहे. रानात जाताना सोबत आवाज घेऊन जायचं. माणसांचा आवाज असला की ते जवळ येत नाही, असा सगळ्यांचा भरवसा. कुणी रेडिओ नेतं, कुणी मोबाईलला छोटा स्पीकर जोडतं. आई भजनं लावायची. दुसरी रीत त्याहून जुनी. रानात त्याचं नाव घ्यायचं नाही. ‘त्यो’ म्हणायचं.

अडचण होती बॅटरीची. सकाळी भरलेला मोबाईल भजनं म्हणून म्हणून दुपारी मान टाकायचा, आणि परतायची वेळ तर त्याच्यापुढची. वडील हंगामात कारखान्यावर असतात. आई रानात एकटी. मला नगरला टेबलावर बसून ते दिसायचं.

जाकीट बिनबाह्यांचं होतं. पाठीवर आणि खांद्यावर काळ्या लवचिक पट्ट्या, आतल्या खिशात वायर. ओट्यावर सगळ्यांसमोर मी ते अंगात घालून दाखवलं. मोबाईल जोडला, उन्हाकडे पाठ केली, मोबाईलवर चार्जिंगची खूण आली. शेजारच्या काकू म्हणाल्या, “आता तुझी आई पाठीवर लाईटची डीपी घेऊन हिंडणार म्हण की!”

आईनं कापडावरून उलटा-सुलटा हात फिरवला. “लई भारी कापड हाय गं,” एवढंच म्हणाली.

त्यानंतर फोनवर मी दर वेळी विचारायची, “जाकीट घालतेस ना?”

“घालते की रोज.”

माझं समाधान व्हायचं.

थंडीतला तो शनिवार. मी दुपारच्या एसटीनं गावात उतरले. घराला कडी. काकू अंगण झाडत होत्या.

“आलीस व्हय? पानी पी आधी. लाईट न्हाई बग, काल सांजंपासनं डीपी जळालीय.”

“आई कुठंय?”

“पाटाकडं गेलीया शेळ्या घिऊन. ऐक की, भजन येतंय.”

कान दिला तर खरंच येत होतं. उसाच्या पलीकडून, वाऱ्याबरोबर कमीजास्त होत.

काकू झाडता झाडता बोलत होत्या. “सकाळी पाटाच्या चिखलात पाय उठलेत त्याचे. तोडणीवाल्यांनी बगितले. तुझ्या आईला म्हनलं, आज जाऊ नको. तर म्हनती, माझ्याकडं लेकीचं जाकीट हाय.”

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, अभिमानच वाटला.

आणि भजन थांबलं.

कडवं संपलं म्हणून थांबलं नाही. मधेच, अर्ध्या ओळीवर तुटलं. आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो. पुन्हा सुरू होईल म्हणून वाट बघितली. मी फोन लावला. बंद.

काकूंच्या हातातला खराटा थांबला होता. “पोरी,” त्या म्हणाल्या, “थाळी घे.”

त्यांच्याच ओट्यावरची स्टीलची थाळी आणि लाटणं उचललं आणि पळाले. काकू मागून ओरडल्या, “मी मानसं घिऊन येते!” तोडलेल्या फडात पळणं सोपं नसतं. उसाच्या खोडक्या पायाला लागतात, वाळक्या पानांच्या पाचटावरून पाय सरकतो. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. ऊन स्वच्छ आहे, ढगाचा ठिपका नाही, पट्ट्या मी स्वतः मीटर लावून तपासल्यात, मग मोबाईल बंद कसा पडला? आईकडे बघायला भ्यायले होते म्हणून मन मोबाईलकडे बघत होतं, असं आता वाटतं.

पाटाच्या वळणावर आले आणि आईचा आवाज ऐकू आला. ती कुणाशी तरी कडाकडा भांडत होती.

“...शिकली म्हून काय झालं! तिसगावचं स्थळ आलं हुतं, पोराचा ट्रॅक्टर हाय, घरचं पानी हाय. तर म्हनती, मला इचार करू दे. कर म्हनावं इचार! केस पिकंपर्यंत कर! आन् तिचा बाप! त्यो तर तिच्यापुढं मांजर हुतो मांजर...”

समोर माणूस कुणीच नव्हतं. आई बाभळीला पाठ लावून उभी होती. काठी आडवी धरलेली, तोंड उभ्या उसाकडे. शेळ्या तिच्या गुडघ्यांना चिकटून गोळा झालेल्या, एकीच्याही गळ्यातून आवाज नाही. आईचा घसा बसत आला होता, पण ती थांबत नव्हती. भजन बंद पडलं तशी तिनं स्वतःची कॅसेट सुरू केली होती.

आणि जाकीट उलटं होतं. राखाडी अस्तर बाहेर, पट्ट्या आत. ते मला दिसलं, पण तेव्हा त्याचं काय करणार होते मी?

मान न वळवता, त्याच भांडणाच्या सुरात आई म्हणाली, “आलीस व्हय? पळायचं न्हाई. वाकायचं न्हाई. त्यो समोर बसलाय, पाचटात.”

मी बघितलं. पाचटाशिवाय काही दिसेना. मग त्या पाचटातला एक कान हलला.

माझे हात आपोआप थाळी बडवायला लागले.

“नुसती थाळी नको! बोल! मानसाचा आवाज पायजे!”

“काय बोलू?”

“कायबी बोल! एवढी शिकलीस ती काय मुकी राह्याला?”

मला काही म्हणजे काही सुचेना. सबंध डोक्यात एक शब्द शिल्लक नव्हता. आणि तोंडातून पाढा निघाला.

“एकोणीस एके एकोणीस! एकोणीस दुणे अडतीस!”

“मोठ्यानं म्हण!”

लहानपणी चुलीपाशी बसवून ती असंच म्हणायची. तिला स्वतःला पाढा येत नव्हता, पण मी अडखळले की बरोबर कळायचं. मी ओरडून म्हणायला लागले. आम्ही दोघी तोंड उसाकडे ठेवून कडेकडेनं घराच्या दिशेला सरकू लागलो, एकेक पाऊल, शेळ्या मधे. आई स्थळाबद्दल भांडत होती, मी पाढा म्हणत होते, मधे थाळी. एका शेळीनं बिथरून उसाकडेच उडी घेतली. आईनं तिला कान पकडून मागे ओढलं, पण तोंड बंद होऊ दिलं नाही. “तूबी शिकलीस काय गं भवाने, दुसरीकडं पळायला!”

वारा आता पडला होता. तरी उसाचे शेंडे हलत होते. आम्ही सरकू तसे सरकत होते, आमच्या बरोबरीनं. पाढा संपला, मी पुन्हा पहिल्यापासून धरला. ऊस जिथे संपतो तिथे ट्रॅक्टरचा रस्ता लागतो. तिथवर ते शेंडे आमच्यासोबत आले आणि थांबले. तेवढ्यात पलीकडून काकू आणि तोडणीवाले डबे वाजवत येताना दिसले. आई मटकन खाली बसली आणि पहिली गोष्ट तिनं केली ती शेळ्या मोजायची. सगळ्या होत्या.

घरी आल्यावर मी भडकले. “जाकीट उलटं का घातलं होतंस?”

आईला प्रश्नच समजेना. “मग काय एवढं भारी कापड उन्हात धरू? रंग उडाला असता.”

आमच्या घरात नवं कापड उन्हात उलटं करूनच वाळत घालतात. माझा कॉलेजचा ड्रेस मी तीन वर्षं तसाच वाळवलाय.

“अगं, ते उन्हावरच चालतं! सांगितलं होतं ना?”

“मग उन्हातच तर घालत हुते. पाठ तापायची माझी आतनं. म्हनलं, मला पोचतंय ऊन, तर त्येला न्हाई पोचनार?”

“मोबाईल चार्ज होत नव्हता, ते सांगायचंस तरी!”

ती शेळीच्या कानावरची गोचीड काढायला लागली. “रात्री घरी भरून घ्यायची. उसाजवळ गेलं की लावायची, मोकळ्यात बंद करायची. भागायचं. काल रातीला लाईट न्हवती म्हून आज फसले. लेकीनं हौसंनं दिलंय, त्येला चालत न्हाई कसं म्हनू?”

उष्णता आणि प्रकाश यांतला फरक मी समजावून सांगू शकत होते. सांगितला नाही. म्हटलं, शेळ्या विकून टाक.

“इकते,” आई शांतपणे म्हणाली. “तुझी पदवी बी इकायला ठिव की त्यांच्यासंगं. त्यांच्याच पैशावर झालीय.”

हे खरं होतं, आणि आम्हा दोघींनाही त्याचा गर्व आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः तिला जाकीट सुलटं घातलं. पट्ट्या ओल्या फडक्यानं पुसल्या, वायर जोडली आणि पाटापर्यंत सोबत गेले. काकू कुंपणावरून म्हणाल्या, “आज बरोबर दिसतीया डीपी!” आई मात्र सारखी मान वळवून खांद्याकडे बघत होती. रंग उडायला लागला का ते.

आता मोबाईल संध्याकाळपर्यंत टिकतो. पण आभाळ भरून आलं की माझं टेबलावर लक्ष लागत नाही. मी फोन करते. अशा दिवशी आई भजन लावत नाही, बॅटरी राखून ठेवते. ती फोन उचलते, पण माझ्याशी बोलत नाही. फोन हातात तसाच धरून उसाकडे तोंड करून ओरडत असते.

“एकोनीस दुने अडतीस! एकोनीस त्रिक सत्तावन्न! एकोनीस चोक... चोक... अगं सांग की लवकर, त्यो वाट बगतोय!”

“शहात्तर!” मी मोठ्यानं म्हणते. आजूबाजूच्या टेबलांवरचे सगळे वळून बघतात. बघू देत.